मामाच्या अंगठ्याखातर

मला कॉलेजातून एका वर्षासाठी काढून टाकलं. ज्या गुन्ह्यासाठी काढलं तो घडत होता तेव्हा मी भोईवाड्याच्या पोलीस कोठडीत तीस-पस्तीस जणांबरोबर मांडी घालून बसलो होतो.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचं ते पहिलं वर्ष. द्विभाषिक राज्य आमच्या गळ्यात बांधायचं दिल्लीत नक्की झालं होतं आणि परळ-लालबागात रोज कुठून ना कुठून मोर्चा निघत होता. मी बी.ए.च्या आधीच्या वर्षाला होतो, परळला कॉलेजच्या होस्टेलवर राहत होतो. त्या रविवारी बाकीची मुलं चाचणी परीक्षेच्या अभ्यासाला बसली आणि मी एकटाच मोर्चाला गेलो. पकडलं गेल्यावर हवालदाराने नाव विचारलं. माझे वडील कोकणात पोस्टमास्तर होते. सरकारी नोकराचा मुलगा सत्याग्रहात सापडला असं वर कळलं असतं तर त्यांची नोकरी गेली असती. म्हणून मी आमच्या गावच्या भजनीबुवांचं नाव सांगितलं. सोमवारी सकाळी आम्हाला सोडून दिलं.

होस्टेलवर परतलो तो नवीनच गोंधळ. रविवारी दुपारी चार सीनियर मुलांनी एका नव्या मुलाला गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत गळाभर पाण्यात उभं केलं होतं. त्याला उलटे पाढे म्हणायला लावले, चुकला की डोकं पाण्यात दाबलं. मुलाला न्यूमोनिया झाला. त्याच्या वडिलांचं पत्र आलं, विद्यापीठापर्यंत गेलं, आणि आमच्या रेक्टरला चार नावं देणं भाग पडलं.

हे सगळं कुणाच्या डोक्यातून निघालं होतं ते होस्टेलातल्या पाणक्यालाही ठाऊक होतं. तो एका ट्रस्टीचा मुलगा. फळ्यावर यादी लागली तिच्यात तीन नावं बरोबर होती. चौथं त्याच्या जागी माझं होतं. त्याआधी पंधरा दिवस रेक्टरने चळवळीची पत्रकं जेवणघराच्या भिंतीवरून फाडायला सांगितली होती आणि मी सगळ्यांदेखत नाही म्हणालो होतो. एवढं कारण त्याला पुरलं.

चौकशी प्राचार्यांच्या खोलीत झाली. प्राचार्य, रेक्टर आणि विद्यापीठाने पाठवलेले एक प्राध्यापक. रविवारी दुपारी कुठे होतास, हा एकच प्रश्न माझ्यासाठी होता आणि त्याचं खरं उत्तर मला देता येत नव्हतं. लालबागला मामाकडे होतो, असं मी ठोकून दिलं. रेक्टर म्हणाला, मग आणा मामाला.

माझा मामा वीस वर्षं एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. चाळीत तो वाचणारा माणूस म्हणून ओळखला जायचा. पाळीवरून आला की गॅलरीत बसून वर्तमानपत्र मोठ्याने वाचायचा आणि ज्यांना वाचता येत नव्हतं ते त्याच्याभोवती बसायचे. मी खोटं बोलायला सांगितलं तेव्हा त्याने एक शब्दही विचारला नाही. अर्ध्या पाळीची रजा घेतली, धुतलेलं धोतर नेसला, काळी टोपी घातली आणि आला.

खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. भाचा दुपारी माझ्याकडे जेवला, असं त्याने सांगितलं. रेक्टरने विचारलं, काय जेवला? मामा गडबडला. म्हणाला, भात नि बांगड्याचं सार.

"श्रावणात?" रेक्टर म्हणाला.

मामाने मान खाली घातली. आमच्याकडे श्रावण कडक पाळतात. रेक्टरने जबाब इंग्रजीत लिहिला, कागद मामापुढे सरकवला आणि सही येते का हे न विचारता शाईची डबी उघडून पुढे ठेवली. मामाने डबीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि अंगठा उमटवला. मग रेक्टर प्राचार्यांकडे वळून इंग्रजीत म्हणाला की या लोकांचे अंगठे दर महिन्याला पगारपत्रकावर उमटतात, तसे मागेल त्याला मिळतात. मामाला ते कळलं नाही. मला कळलं.

बाहेर आल्यावर मी त्याला विचारलं, अंगठा का दिलास? तो धोतराच्या सोग्याला शाई लागू नये म्हणून हात लांब धरून चालत होता. म्हणाला, "तेनी डबी फुडे केल्यान. म्हटलंय, तुज्या कामात आडकाठी नको."

आठवड्याने नोटीस आली. एक वर्ष. टाकीत उभं केलेल्या मुलाला चौकशीला कुणी बोलावलंच नव्हतं. बोलावलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं की हा तिथे नव्हता.

मी मामाकडे राहायला गेलो. फणसवाडीत एक वकील होते, गिरणी कामगारांच्या बडतर्फीची कामं चालवायचे. मामाच्या ओळखीने त्यांच्याकडे कारकून म्हणून लागलो. गिरणीत कामगाराला काढायचं तर आधी चौकशी लागते, आरोपपत्र द्यावं लागतं, साक्षीदाराला प्रश्न विचारायची मुभा द्यावी लागते. तिथे साधा झाडूवालाही आरोपपत्राची नक्कल मागून घेत होता, आणि मला कॉलेजात शिकूनसवरून ते माहीत नव्हतं. कागद उतरवता उतरवता मी ते सगळं शिकलो. वकीलसाहेब एक गोष्ट नेहमी सांगायचे. साक्षीदाराला खोटा ठरवायला धावू नये, त्याला त्याच्याच कागदापाशी न्यावं आणि तिथे सोडून द्यावं.

माझ्या मनात रेक्टर सोडून दुसरं काही नव्हतं. मी एका वहीत त्याला विचारायचे प्रश्न लिहायला लागलो. जेवताना एखादा सुचला तर हात धुऊन आधी तो लिहायचो. वर्ष संपल्यावर मी दुसऱ्या कॉलेजातून बी.ए. पुरं केलं, मग सकाळच्या लॉ कॉलेजात नाव घातलं. वही चालूच होती.

पहिली संधी मी बी.ए. व्हायच्या आधीच आली, ती अशी. माझ्याच जुन्या होस्टेलातली दोन मुलं वकीलसाहेबांकडे आली. नव्या मुलांचं रॅगिंग केलं असा रेक्टरने त्यांच्यावर आरोप ठेवला होता. साहेब हसले. म्हणाले, "हे काम तुझं." त्यांनी कॉलेजला सणसणीत पत्र लिहिलं, हायकोर्टाचा उल्लेख केला, आणि प्राचार्यांनी घाबरून मला मुलांचा प्रतिनिधी म्हणून बसू दिलं.

तीच खोली, तेच टेबल. मला पाहून रेक्टरचा चेहरा बदलला.

"तू इथे काय करतोस?"

"तुम्ही म्हणा," मी म्हणालो. "मी या मुलांच्या वतीने आलोय."

त्याने चार साक्षीदारांचे जबाब आणले होते. मी चारही शेजारी शेजारी ठेवले. चौघांनीही एकच वाक्य, एकाच ठिकाणी स्वल्पविराम देऊन लिहिलं होतं. मी रेक्टरला एवढंच विचारलं, मुलं लिहीत होती तेव्हा तुम्ही खोलीत होता का? तो म्हणाला, होतो. काय लिहायचं ते सांगत होता का? त्याने पाणी मागितलं. मुलं सुटली. त्या संध्याकाळी मी परळहून लालबागपर्यंत चालत गेलो आणि वाटेत दोनदा स्वतःशीच हसलो.

पुढच्या दोन वर्षांत त्याच कॉलेजातली आणखी पाच प्रकरणं आली. गिरगाव-दादरच्या इतर कॉलेजांतली मुलंही यायला लागली, पण मला गोडी होती ती त्या एकाच खोलीची. प्रत्येक वेळी मी रेक्टरला थोडं थोडं सोललं. सुटलेली काही मुलं निर्दोष होती, काही नव्हती. कोणती कोणती, ते मी विचारत नसे.

मग ते प्रकरण आलं. राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षी, पावसाळ्यानंतर.

तक्रार करणारा मुलगा पहिल्या वर्षाचा होता. त्याच्या घरच्यांनी तीन वर्षांपूर्वी धम्म घेतला होता. भोईवाड्याच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत नऊ माणसं, अभ्यासाला जागा नाही, म्हणून स्कॉलरशिपवर त्याला होस्टेल मिळालं होतं. चार सीनियर मुलं त्याच्याकडून रोज संध्याकाळी व्हरांडा झाडून घ्यायची, आपली ताटं धुवून घ्यायची, पंगत उठल्याशिवाय त्याला जेवायला येऊ द्यायची नाहीत आणि नावाऐवजी त्याला त्याच्या जुन्या जातीने हाक मारायची. सहा आठवडे त्याने सोसलं. मग अर्ज लिहिला. रेक्टरने तो आपल्या शिफारशीसह वर पाठवला.

त्या चौघांपैकी एकाचे काका त्यांना घेऊन आमच्याकडे आले. जिना उतरताना मुलं माझ्याशी मोकळेपणी बोलली. थोडी गंमत केली, एवढं काय त्यात, असं एक जण म्हणाला आणि बाकीचे हसले. म्हणजे मला माहीत होतं. मला अज्ञान सांगता येणार नाही. पण अर्जाखाली रेक्टरची सही होती, आणि मला तेवढीच दिसत होती.

चौकशीला मुलगा पांढरा सदरा इस्त्री करून आला होता. सडपातळ, हातात शाईचं पेन. अर्जात त्याने लिहिलं होतं की अमुक संध्याकाळी चौघेही हजर होते. त्यातला एक तेव्हा गणपतीला पुण्याला गेला होता. मी त्याला त्याच्या कागदापाशी नेलं. तो म्हणाला, तारीख चुकली असेल, पण बाकी सगळं खरं आहे.

"झाडू तुमच्या हातात कुणी दिला?"

"कोपऱ्यात असतो. मला घे म्हणाले."

"तुम्ही नाही म्हणालात?"

"नाही."

"मारलं कुणी?"

"नाही."

"म्हणजे झाडू तुम्हीच उचललात. घरी केर कोण काढतं?"

"आई. कधी मी."

"म्हणजे सवय आहे."

टेबलाभोवती कुणीतरी खाकरलं. मुलगा पेनचं टोपण काढत होता, लावत होता. त्याचे डोळे भरून आले, ते त्याने बाहीला पुसले. रेक्टर उभा राहिला आणि म्हणाला, हे थांबवा, हे बरोबर नाही. मी याचीच वाट बघत होतो. मी त्याच्याकडे वळलो. हा अर्ज मुलाने लिहिला की तुम्ही सांगितला? मुलगा म्हणाला, मीच लिहिला. मी रेक्टरला विचारलं, दुरुस्तीची शाई निराळी कशी? त्याने कबूल केलं की दोन ठिकाणी इंग्रजी त्याने सुधारलं होतं.

मग मी माझी वही उघडली. स्वल्पविरामाचं जुनं प्रकरण काढलं, त्यानंतरची पाचही काढली. नवे प्राचार्य हुशार होते, त्यांना रेक्टर नकोसाच झाला होता. निकाल लागला की तक्रारी तयार करण्याची रेक्टरांची रीत विश्वासार्ह नाही. चौघे सुटले. रेक्टरचं रेक्टरपद गेलं आणि होस्टेलच्या आवारातला बंगला सोडायचा हुकूम झाला. मुलाने खोली सोडली आणि तो भोईवाड्याला परत गेला.

रेक्टरने बंगला सोडला त्या दिवशी मी फाटकापाशी जाऊन उभा राहिलो. हातगाडीवर पुस्तकांची कपाटं, गाद्या, कपड्यांनी गच्च भरलेली बादली. सामानाच्या मागून तो आला. मी पुढे झालो आणि त्याने मामाबद्दल इंग्रजीत उच्चारलेलं ते वाक्य त्याला शब्दशः ऐकवलं.

त्याने चष्मा पुसला, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "कुणाचा अंगठा?"

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. मी त्याला श्रावण सांगितला, बांगड्याचं सार सांगितलं, शाईची डबी सांगितली. तो मान हलवत राहिला, जशी एखाद्या अनोळखी माणसाच्या घरातल्या दुखण्याची हकीगत ऐकून हलवतात. मग हातगाडीवाल्याने हाक मारली आणि तो गेला. तीन वर्षं मी ज्याच्यासाठी वही भरत होतो त्याला सूड कसला तेच कळलं नाही. मला त्याची गाडी उलटी करावीशी वाटली.

मामाला सगळं सांगायला मी त्याच रविवारी गेलो. मामीने ताट वाढलं. मी सांगायला सुरुवात केली तोच मामाने हात वर करून मला थांबवलं. त्याला आधीच कळलं होतं. त्या मुलाचा बाप त्याच्याच गिरणीत होता, सूत कातायच्या खात्यात. साच्यावर त्यांच्या लोकांना घेत नसत. विणताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागतं, मग विटाळ, असं आमच्याच लोकांनी गिरणीत चालवलं होतं. तरी पाळी सुटली की फाटकापर्यंत ते दोघे बरोबर चालत, मोर्चातही बरोबर असत.

"त्या पोराक रडवलंस?" मामाने विचारलं.

मी म्हणालो, मामा, तुझ्यासाठी केलं. त्याने तुझा अंगठा घेतला होता.

"माज्यासाठी?" तो म्हणाला. "मी तुका कधी सांगितलंय? अंगठो माजो होतो. माका लाज वाटली, ती माजी मी गिळलंय. तू ती त्या पोराच्या त्वांडाक फासलंस. आता तेच्या बापाशीक मी काय सांगू?"

मामी काही बोलायला गेली. तिलाही त्याने गप्प केलं. मला म्हणाला, "जेवान जेव आणि जा. परत येव नको."

मी जेवलो. ते ताट तसंच सोडून उठण्याइतका मानी मी नव्हतो.

त्यानंतरचे दोन महिने मी फणसवाडीत ऑफिसातच राहिलो. मुलाकडे जायचा विचार रोज यायचा. एकदा भोईवाड्याच्या देवळापर्यंत जाऊन परत फिरलो. त्याला काय सांगणार होतो? माझा राग दुसऱ्यावर होता, हे?

मग वकीलसाहेबांच्या टेबलावर विद्यापीठाचं पत्र आलं. मुलाने अपील केलं होतं. अर्ज त्याच्याच हातचा होता, इंग्रजी मोडकं होतं आणि कुणीही ते सुधारलं नव्हतं. त्याने चौकशीची नक्कल मागितली होती, साक्षीदारांना स्वतः प्रश्न विचारायची परवानगी मागितली होती, आणि अशी परवानगी कॉलेजने आजवर सात वेळा दिल्याचं दाखवून दिलं होतं. त्या सातही वेळा ती मीच मिळवली होती. मी साहेबांना म्हणालो, हे काम मी करत नाही. साहेब म्हणाले, अशील तुझ्या नावाने आलेत, अर्ध्या वाटेत त्यांना सोडायचं असेल तर हा धंदाही सोड. मी गेलो.

मुलगा समोर बसला होता. तोच सदरा. मी त्याला विचारताना घेतले होते तसे आडवळणाचे फेरे त्याने घेतले नाहीत. चौघांपैकी पहिल्याला विचारलं, होस्टेलला झाडूवाला आहे का?

"आहे."

"कधी येतो?"

"सकाळी."

"मग संध्याकाळी व्हरांडा कोण झाडत होतं?"

त्या सीनियरने माझ्याकडे बघितलं. मी कागदात बघितलं.

"तू," तो म्हणाला. "तू स्वतःहून झाडायचास."

"रोज?"

"रोज."

"सहा आठवडे मी तुमचा व्हरांडा रोज स्वतःहून झाडला. तुमच्यापैकी कुणी एकदा तरी मला विचारलं का, की बाबा, का झाडतोस?"

चौघेही माझ्याकडे बघायला लागले. मला हरकत घेता आली असती. असे तर्काचे प्रश्न चालत नाहीत, असं म्हणून मी अनेकदा उठलो होतो. त्या दिवशी उठलो नाही. मी हरायला तयार झालो होतो की मला काही सुचलंच नाही, ते मला आजही ठरवता येत नाही.

चौघांपैकी दोघांना एका टर्मसाठी काढलं, दोघांना ताकीद देऊन सोडलं. फार मोठी शिक्षा नव्हे. मुलाला होस्टेलची खोली परत देऊ केली, ती त्याने घेतली नाही. जिन्यात आमची गाठ पडली. त्याच्याबरोबर त्याचा बाप होता, हातात टोपी धरून. मी म्हणालो, तुम्ही छान प्रश्न विचारलेत. हे सोडून दुसरं काहीही म्हणायला हवं होतं.

"तुमच्याकडूनच शिकलो," तो म्हणाला. "आभार मानणार नाही."

बाप माझ्याकडे न बघता खाली उतरला.

पुढच्या मे महिन्यात राज्य झालं. लालबागला चाळीचाळींवर दिव्यांच्या माळा होत्या, गॅलऱ्यांतून लेझीम बघायला माणसं वाकली होती. मामाने निरोप पाठवला होता, ये म्हणून. मी पेढे घेऊन गेलो. मामीने दार उघडलं. मामा खाटेवर बसून वर्तमानपत्र वाचत होता. त्याने ते घडी करून ठेवलं आणि सांगितलं की तो भोईवाड्याला त्या मुलाच्या घरी जाऊन आला. काय बोललास, मी विचारलं. तो म्हणाला, काय बोलायचं, चहा घेतला आणि बसलो. मामी आतून पुटपुटली की चाळीत आता चार तोंडं बोलतील. मामा म्हणाला, बोलू देत.

मी पुढे वकिली केली, बहुतेक कामगारांची. विद्यार्थ्यांची प्रकरणंही घेतली, पण जिन्यात ती मुलं काय बोलतात ते आधी ऐकून घ्यायचो आणि काहींना परत पाठवायचो. रेक्टर काही वर्षांनी दुसऱ्या गावी एका कॉलेजचा प्राचार्य झाला. तो वारल्याची बातमी मी वर्तमानपत्रात वाचली, मग पान उलटून बाजारभाव वाचले. त्याच्याबद्दल माझं मन तेव्हाही मऊ झालं नाही, आजही होत नाही.

तो मुलगा वकील झाला. भोईवाड्याच्या कोर्टात आम्ही बऱ्याचदा समोरासमोर आलो. काम असेल तेवढं बोलायचा, वागायला सभ्य होता, माझ्या अशिलांना त्याने कधी टोचून विचारलं नाही. पण काम संपल्यावर इतर वकील कँटीनकडे वळत तेव्हा तो मला टाळून दुसऱ्या जिन्याने उतरायचा. मीही त्याला कधी हाक मारली नाही.